अपत्य ही अमानत

कुराणाच्या 114 सूरांपैकी एकतिसावी सूरा ज्याच्या नावाने ओळखली जाते तो लुकमान, बहुतेक भाष्यकारांच्या मते, पैगंबर नव्हता. तो कोणत्या राज्याचा अधिपती नव्हता, कोणत्या थोर कुळाचा मूळपुरुषही नव्हता. जुन्या टीकांत त्याला कोणी हबशी गुलाम म्हणतो, कोणी सुतार, कोणी मेंढपाळ. परमेश्वराने त्याला हिकमत, म्हणजे शहाणपण, दिली, एवढीच त्याची सनद. आणि ती हिकमत राजसभेत किंवा रणांगणावर प्रकट न होता घरात, मुलाला जवळ घेऊन बोलताना प्रकट झाली, ही गोष्ट ज्या धर्मग्रंथाने आदराने नोंदविली त्या धर्मात मातापित्यांच्या बोलण्याचे मोल काय असावे, याची कल्पना वाचकाला येथेच यावी.

लुकमान मुलाला प्रथम सांगतो ते ईश्वराच्या एकत्वाविषयी. परंतु तेथून तो ज्या सहजतेने नित्याच्या वागणुकीवर उतरतो ती पाहण्यासारखी आहे. कर्म मोहरीच्या दाण्याएवढे असले आणि ते खडकाच्या पोटात, आकाशात किंवा भूमीत कोठेही दडलेले असले तरी परमेश्वर ते उजेडात आणील, असे बजावून झाल्यावर तो नमाजाची, सत्कर्माचा आग्रह धरण्याची आणि आपत्तीत धीर न सोडण्याची ताकीद देतो. आणि मग, जणू मूल उठून बाहेर निघाले आहे आणि बाप उंबरठ्यापर्यंत त्याच्याबरोबर चालला आहे अशा स्वरात, लोकांशी बोलताना तोंड फिरवू नये, रस्त्याने ऐटीत चालू नये, आवाज खालच्या पट्टीत ठेवावा, कारण आवाजांत सर्वांत कर्कश आवाज गाढवाचा, अशा गोष्टी सांगतो. विश्वाच्या हिशेबापासून रस्त्यावरच्या चालीपर्यंत एकच सूत्र ओवणारी ही नीती आहे. आपले बारीकसारीक कृत्यही पाहिले जाते, ही जाणीव ज्याच्या मनात मुरली त्याचा आवाज चढत नाही, इतका तिचा मनुष्यस्वभावावर विश्वास आहे.

पण या सूरेतील सर्वांत अर्थपूर्ण जागा लुकमानाच्या मुखी नाही. त्याचे बोलणे मध्येच थांबते आणि ईश्वर स्वतः बोलू लागतो: आईने क्लेशावर क्लेश सोसून मुलाला पोटात वाढविले, दोन वर्षांनी त्याचे दूध तुटले, तेव्हा ईश्वराबरोबरच मातापित्यांचेही उपकार मुलाने मानावेत, तथापि हेच मातापिता जर त्याला ईश्वराच्या जोडीला दुसरे दैवत मानावयास भाग पाडू लागले तर त्यांचे ऐकू नये, आणि न ऐकतानाही या लोकीच्या व्यवहारात त्यांच्याशी सौजन्यानेच राहावे. बापाच्या उपदेशाच्या ऐन मध्यावर बापाच्या अधिकाराची हद्द आखून द्यावी, ही योजना मला विलक्षण वाटते. अपत्य ही मातापित्यांची मालमत्ता नव्हे, त्यांच्या हवाली केलेली अमानत आहे. अमानतदाराला ठेव राखण्याचा अधिकार असतो, ती जशी हाती आली तशीच नव्हे तर वाढवून परत करण्याची जबाबदारीही असते, पण तिच्यावर मालकी सांगता येत नाही. पुढील पानांत संकलित केलेले अरबी आणि फारसी बोधपर लेखन वाचताना हे एक सूत्र हाती धरले तर शतकांचे आणि प्रदेशांचे अंतर पार करूनही त्यातील एकसंधपणा लक्षात येईल, अशी माझी धारणा आहे.

कुराणातील इतर पित्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. नूह प्रलयाच्या लाटांतून मुलाला नौकेवर येण्यासाठी विनवितो. मुलगा डोंगराचा आसरा घेईन म्हणतो आणि बुडतो. पैगंबर असूनही बाप त्याला वाचवू शकत नाही. इब्राहीम मूर्तिपूजक पित्याला पुनःपुन्हा आदरयुक्त संबोधनाने आळवितो, पिता दगडांनी मारण्याची धमकी देतो, आणि पुत्र त्याला शांती चिंतून, त्याच्यासाठी क्षमा मागण्याचे वचन देऊन निघून जातो. तोच इब्राहीम पुढे स्वतः पिता होतो, आपण मुलाचा बळी देत आहोत असे स्वप्न त्याला पडते, आणि एवढ्या भयंकर आज्ञेच्या पुढ्यातही तो मुलालाच विचारतो की, बाळा, यावर तुझे मत काय. मुलाची संमती विचारणारा हा बाप ज्यांनी नीट पाहिला असेल त्यांना इस्लामी नीतिशिक्षण म्हणजे निव्वळ हुकूम आणि त्याची तामिली असा सरधोपट निष्कर्ष काढणे जड जाईल.

पैगंबर मुहम्मद स्वतः पोरके होते. पिता जन्मापूर्वी गेला, माता बालपणी. त्यांचे पितृत्व कसे होते याच्या ज्या आठवणी हदीसवाङ्मयात जतन झाल्या आहेत त्यांत कोमलता आहे, तितकाच करारीपणाही आहे. नातवाचे चुंबन घेताना त्यांना पाहून अक्रा इब्न हाबिस हा कबिल्याचा सरदार म्हणाला की, मला दहा मुलगे आहेत पण त्यांतल्या एकाचेही मी कधी चुंबन घेतले नाही. त्यावर, जो दया करीत नाही त्याच्यावर दया केली जात नाही, एवढेच उत्तर त्याला मिळाले. नुमान इब्न बशीर याच्या पित्याने त्या एकाच मुलाला देणगी देऊन पैगंबरांना साक्षीदार होण्याची विनंती केली तेव्हा, तुझ्या सर्व मुलांना तू असेच दिले आहेस का, असे विचारून आणि नकारार्थी उत्तर ऐकून त्यांनी साक्ष नाकारली.

याहून अधिक खोल अशी एक आठवण त्यांची कन्या फातिमा हिची आहे. जात्यावर दळून दळून तिच्या हातांना घट्टे पडले होते. मदिनेत युद्धकैदी आल्याचे कळले तेव्हा घरकामाला एखादे माणूस मिळावे म्हणून ती पित्याकडे गेली, पण ती मागणी त्या वेळी पुरी झाली नाही. रात्री फातिमा आणि तिचे पती अली अंथरुणाला पाठ टेकून असताना पैगंबर स्वतः त्यांच्या घरी आले, त्यांना उठू न देता दोघांच्या मध्ये बसले, आणि नोकरापेक्षा चांगले असे काही देतो म्हणून निजताना ईश्वराची थोरवी 34 वेळा, त्याची स्तुती 33 वेळा आणि त्याची पवित्रता 33 वेळा उच्चारण्यास त्यांनी शिकविले. मशिदीच्या ओट्यावर राहणारे निर्धन सोबती उपाशी असताना आपल्या लेकीला नोकर देणे त्यांना रुचले नाही, असेही एका परंपरेत सांगितले आहे. हातांवरचे घट्टे या स्मरणाने मिटले नसतील; पण ज्याच्या शब्दाखातर अवघी मदिना झटली असती तो पिता लेकीला इतरांहून निराळी सवलत देत नाही आणि तिला रिकाम्या हाताने ठेवीतही नाही, या दोन्ही गोष्टींचे वजन त्या घराने आयुष्यभर मानले. सिफ्फीनच्या लढाईच्या रात्रीदेखील आपण ते स्मरण चुकविले नाही, असे अलींनी पुढे सांगितल्याची नोंद आहे.

सिफ्फीन येथे 657 मध्ये खलिफा अलींचा प्रतिस्पर्धी मुआवियाच्या सैन्याशी झालेला तो संग्राम अनिर्णित राहिला. तेथून परतताना हादिरीन नावाच्या ठिकाणी मुक्काम असता अलींनी आपला ज्येष्ठ पुत्र हसन याला जे पत्र लिहिले ते शरीफ रझी याने अकराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या ‘नहजुल बलागा’ या संग्रहात एकतिसावे पत्र म्हणून आले आहे. थकलेला, काळाने नमविलेला, जाण्याच्या तयारीत असलेला असा पिता म्हणून ते स्वतःचा उल्लेख करतात, आणि अप्राप्याची आशा बाळगणारा, जो मार्ग सर्वांनी आक्रमिला त्याच मार्गाने जाणारा असा पुत्र म्हणून हसनचा. तेव्हा पहिल्या ओळीपासून गुरू आणि शिष्य मृत्यूपुढे एका पातळीवर उभे राहतात. खलिफाचे दप्तर त्या काळी राजकीय पत्रव्यवहाराने भरून वाहत असेल. अशा दिवसांत इतके दीर्घ पत्र लिहावयास वेळ काढणे हीच एक शिकवण होय. कोवळे मन हे पेरणीच्या प्रतीक्षेत असलेल्या रिकाम्या जमिनीसारखे असते, म्हणून ते कठीण होण्याआधी मी घाई करीत आहे, असे ते म्हणतात. इतरांशी वागताना स्वतःलाच मोजमाप मानावे, स्वतःला जे नको ते दुसऱ्याला देऊ नये. ईश्वराने स्वतंत्र निर्मिले असता कोणाचा गुलाम होऊ नये. गतकालीन लोकांचे इतिहास असे वाचावेत की त्यांच्यापैकीच एक होऊन आपण जगलो असे वाटावे: अशा उपदेशांतून ते पत्र पुढे सरकते. इतिहासाच्या वाचनाला पुत्रशिक्षणात दिलेले हे स्थान मला फार महत्त्वाचे वाटते.

अलींचे नातू झैनुल आबिदीन यांच्या ‘रिसालतुल हुकूक’ या छोट्या प्रबंधाचा उल्लेख मात्र संक्षेपाने करणे भाग आहे. त्यात आईचा हक्क बापाच्या हक्काच्या आधी येतो. आणि मुलाच्या हक्काविषयी सांगताना, त्याचे बरेवाईट तुझ्याच नावावर मांडले जाईल व त्याच्या संस्काराविषयी तुला जाब द्यावा लागेल, असे पित्याला बजावले आहे. ज्या काळी हक्क हे बलवंताचे समजले जात त्या काळी मुलाचा हक्क शब्दबद्ध झाला याची नोंद घेऊन पुढे जाऊ.

इस्माइली पंथाचा उगमच पितापुत्रसंबंधाच्या एका प्रश्नात आहे. अलींच्याच वंशातील इमाम जाफर सादिक 765 मध्ये निवर्तले तेव्हा त्यांनी आपला पुत्र इस्माइल याला नेमले होते, आणि एकदा झालेली नेमणूक परत घेता येत नाही, म्हणून इमामत, म्हणजे धर्माचे नेतृत्व, इस्माइलच्याच वंशात चालू राहिली, असे मानणारे ते इस्माइली. ज्ञानाचा वारसा पित्याने पुत्राला स्पष्ट शब्दांत सोपविणे हे जेथे धर्माचे अधिष्ठान आहे तेथे बाप मुलाला काय सांगतो हा प्रश्न घरगुती राहत नाही. शिवाय धर्माच्या बाह्य आज्ञेला एक आंतरिक अर्थ असतो, आणि तो जाणत्याकडूनच मिळवावा लागतो, ही या पंथाची दृढ श्रद्धा. त्यामुळे जन्मदात्या पित्याबरोबरच आत्म्याच्या पित्याची कल्पना येथे जितकी विकसित झाली तितकी क्वचितच अन्यत्र झाली असेल. दहाव्या शतकात बसऱ्याच्या परिसरात लिहिल्या गेलेल्या, इस्माइली विचारांशी निकटचे नाते असलेल्या ‘इख्वानुस सफा’ मंडळींच्या 52 निबंधांत गुरू हा तुझ्या आत्म्याचा पिता आहे असे प्रतिपादन येते. मूल ज्यांच्या सहवासात वाढते त्यांचा स्वभाव उचलते हेही तेथे सांगितले आहे.

या कल्पनेचे सर्वांत नाट्यमय रूप जाफर इब्न मन्सूर अल-यमन याच्या ‘किताबुल आलिम वल-गुलाम’ या संवादात आहे. प्रवासी ज्ञानी पुरुष एका गावी येतो; एक तरुण त्याच्या मागे लागतो, कसोटीला उतरतो, नव्या नावाने जणू दुसरा जन्म घेतो, आणि मग घरी परततो. घरी पिता संतप्त आहे, गावकरी अस्वस्थ आहेत. येथून कथा जे वळण घेते ते लुकमानाच्या सूरेतील त्या हद्दीची आठवण करून देणारे आहे: पुत्र पित्याचा उपमर्द करीत नाही, त्याला सोडूनही जात नाही, तो नम्रपणे प्रश्न विचारतो, उत्तरे देतो, आणि अखेर पित्यालाच आपल्या मार्गावर आणतो. ज्ञान घेतलेल्या माणसावर ते पुढे देण्याचे ऋण असते, ही या ग्रंथाची बैठक आहे. त्या ऋणाची फेड करताना वय आणि नाते यांची उतरंड उलटू शकते हे इतक्या निर्भयपणे सांगणारे दुसरे जुने पुस्तक मला ठाऊक नाही.

इस्माइली इमामांच्या फातिमी खिलाफतीच्या काळात (909 ते 1171) या विद्येला राजाश्रय मिळाला. कैरोत ‘मजालिसुल हिकमा’ या नावाने ज्ञानसभा भरत, स्त्रियांसाठी त्या स्वतंत्रपणे भरत. खलिफा मुइझ्झ याच्या कारकिर्दीत काझी नुमान याने रचलेला ‘दआइमुल इस्लाम’ हा त्या राज्याचा विधिग्रंथ पुढे बोहरा समाजाने शतकानुशतके हस्तलिखितांत जपला, आणि त्याची चिकित्सक छापील आवृत्ती तयार केली ती माथेरान येथे जन्मलेल्या आसफ अली असगर फैजी या मुंबईच्या विधिज्ञाने. ती दोन खंडांत 1951 ते 1960 या काळात कैरोत प्रसिद्ध झाली. लोकांना जिभेवाचून बोलवा, म्हणजे त्यांना तुमचे आचरण दिसू द्या, ही जाफर सादिक यांची शिकवण या परंपरेत आईबापांना आणि प्रचारकांना सारखीच लागू केली गेली.

आता नसीरुद्दीन तुसी. कोहिस्तानचा इस्माइली सुभेदार नसीरुद्दीन मुहतशम याच्या आश्रयाने या महापंडिताने 1235 च्या सुमारास ‘अख्लाके नासिरी’ सिद्ध केला. सुभेदाराची तजवीज होती मिस्कवैहच्या अरबी नीतिग्रंथाचे फारसी भाषांतर करण्याची. तुसीला वाटले की त्या ग्रंथात गृहव्यवस्था आणि राज्यव्यवस्था नाही, म्हणून त्याने तीन भागांचा स्वतःचा ग्रंथ लिहिला. दुसऱ्या भागातील मुलांच्या संगोपनाचे प्रकरण आजच्या पालकानेही सावकाश वाचावे. मुलाला असे नाव द्यावे की ते त्याला आयुष्यभर जाचू नये. दूध सुटताच, वाईट सवयी शिरण्याआधी, संस्काराला आरंभ करावा. त्याच्यादेखत चांगल्यांची स्तुती करावी. त्याने काही गैर केले आणि ते तो लपवू पाहत असेल तर पहिल्या खेपेस आपल्याला दिसलेच नाही असे दाखवावे. चारचौघांत वाभाडे काढले की तो निर्लज्ज होतो. घास लहान घ्यावा, दुसऱ्याच्या ताटाकडे पाहू नये, अधूनमधून कोरडी भाकरी खाण्याची सवय असावी. विद्या किंवा हुन्नर निवडताना मुलाचा कल पाहावा, कारण प्रत्येक जण प्रत्येक कामासाठी घडलेला नसतो. आणि श्रीमंताच्या मुलानेही एखादा हुन्नर शिकून त्यावर कमावून पाहावे. या शहाणपणात ग्रीक गृहनीतीचा वाटा आहे, तुसी तो लपवीतही नाही.

आपला पिता अनेक पंथांची मते ऐकलेला होता आणि त्याने सर्व शास्त्रे शिकण्यास व निरनिराळ्या मतांचे म्हणणे ऐकून घेण्यास आपल्याला उत्तेजन दिले, असे तुसीने ‘सैर व सुलूक’ या आत्मनिवेदनात कृतज्ञतेने लिहिले आहे. 1256 मध्ये इस्माइली इमामांचा अलमूत हा गड मंगोलांच्या हाती पडला, तुसी त्यांचा सेनानी हुलागू याच्या दरबारी गेला, ग्रंथाची मूळ प्रस्तावना त्याने बदलली; आणि मूळ ग्रंथानंतर सुमारे तीस वर्षांनी, एका चाहत्याच्या सूचनेवरून, मातापित्यांच्या हक्कांचे प्रकरण त्यात नव्याने घातले. आईचे उपकार देहाचे, म्हणून मुलाला ते आधी कळतात. बापाचे उपकार अधिक आंतरिक, म्हणून उशिरा कळतात. सबब आईचे ऋण तिच्या सुखसोयी व निर्वाहाची तरतूद करून आणि बापाचे ऋण आज्ञापालन व आदर यांनी फेडावे, असा भेद तो करतो. हा भेद मला सर्वस्वी पटत नाही. झैनुल आबिदीन यांनी आईला दिलेले अग्रस्थान मला अधिक न्याय्य वाटते. आणि मुलींना लिहिणे-वाचणे शिकवू नये, हे संगोपनाच्या प्रकरणात तुसीने लिहिलेले मत वाचून मनाला यातना होतात. इतका सूक्ष्मदर्शी शिक्षक आपल्या युगाची ही भिंत ओलांडू शकला नाही.

अलमूतनंतरच्या दीर्घ अज्ञातवासातून इस्माइली इमाम पंधराव्या शतकात इराणातील अंजुदान या गावी पुन्हा दृष्टीस पडतात. दुसरे मुस्तनसिर बिल्लाह यांची बोधवचने ‘पंदियाते जवानमर्दी’ या नावाने संकलित झाली: सत्य, औदार्य, बांधवांना साहाय्य, आपल्या काळच्या इमामाची ओळख, आणि या सर्वांना व्यापणारी जवानमर्दी. हिंदुस्थानातील इस्माइली खोजा समाजात अशी आख्यायिका आहे की पीर ताजुद्दीन यांच्या पश्चात इमामांनी दुसरा पीर न पाठविता हे पुस्तकच पाठविले, आणि म्हणून पिरांच्या यादीत ग्रंथालाही स्थान मिळाले. मुंबईत वास्तव्य केलेला रशियन पंडित व्लादिमीर इव्हानोव्ह याने 1953 मध्ये ते मूळ फारसीसह प्रसिद्ध केले. परंतु कच्छ, काठियावाड, सिंध आणि मुंबई येथील सामान्य कुटुंबांत नीतीचा संस्कार फारसी पुस्तकांनी झाला नाही. तो गिनानांनी झाला. पीर सदरुद्दीन, हसन कबीरुद्दीन यांच्या नावांवरील ही पदे गुजराती, सिंधी, कच्छी अशा लोकभाषांत आहेत, खोजकी लिपीत उतरून घेतलेली आहेत, आणि मुलांच्या कानी ती प्रथम पडतात ती आई-आजीच्या गळ्यातून. सय्यदा इमाम बेगम या स्त्रीची रचनाही त्यांत आहे. पुरुषांनी लिहिलेल्या पित्यांच्या उपदेशाला हे मातृमुखी दालन जोडले नाही तर विषय अर्धाच राहतो.

इस्माइली इमाम पहिले आगाखान 1840 नंतरच्या दशकात मुंबईस आले आणि इमामतीचे पीठ या शहराशी जोडले गेले. दुसरे आगाखान 1885 मध्ये पुण्यास वारले तेव्हा त्यांचे पुत्र सुलतान मुहम्मद शाह सात वर्षांचे होते. या बालकाचे शिक्षण, त्याच्या मालमत्तेची व्यवस्था आणि समाजाच्या कारभाराची देखरेख त्यांच्या आईने, लेडी अली शाह यांनी केली. इराणच्या शाही घराण्यातील या विदुषीने मुलावर फारसी काव्याचा आणि भक्तीचा जो संस्कार केला त्याचे ऋण त्यांनी 1954 च्या आत्मचरित्रात मानले आहे. 1897 च्या सुमारास मुंबईत प्लेग उसळला, हाफकिनच्या नव्या लशीविषयी लोकांच्या मनात भीती होती, तेव्हा विशीच्या आसपासच्या या तरुणाने आपल्या अनुयायांदेखत स्वतःला लस टोचून घेतली आणि हाफकिनला कामासाठी आपली एक वास्तू दिली. जिभेवाचून शिकविणे म्हणतात ते हेच. ज्याच्यापाशी एकाच अपत्याला शिकविण्याइतके धन आहे त्याने मुलाआधी मुलीला शिकवावे, हा त्यांचा आदेश खोजा घरांत ऐकला गेला, त्याची अंमलबजावणी शाळा काढून झाली, आणि त्या शाळांतून शिकलेल्या मुली पुढे आपल्या समाजाच्या शिक्षिका झाल्या.

इमामांनी आपल्या आध्यात्मिक अपत्यांना उद्देशून केलेली फर्माने या संकलनात घेतलेली नाहीत. ती जमातीपुढे, जमातीसाठी उच्चारलेली असतात, आणि ज्या पित्याचे ते शब्द आहेत त्याच्या घराबाहेर ते मांडण्याचा अधिकार संकलनकर्त्याला नाही. मुलींविषयीचे तुसीचे ते वाक्य मात्र भाषांतरात जसेच्या तसे राहू दिले आहे. ते गाळावे असा आग्रह झाला होता. पण ते गाळले असते तर कोहिस्तानातील त्या सुभेदाराच्या दरबारापासून मुंबईच्या मुलींच्या शाळेपर्यंत ही परंपरा किती वाट चालून आली हे वाचकाला कळले नसते.